ओळख पटवणारे

एकतीस वर्षं मी हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात
माणसांची ओळख पटवून घेतली.
लिहून देणार समोर, लिहून घेणार शेजारी,
आणि मागे दोघं जण, जे सांगत
की हो, हाच तो, आम्ही याला ओळखतो.
अंगठा शाईला लावण्याआधी
मी तो उजेडात धरून बघायचे.
कुणाचा कामानं झिजलेला, कुणाचा मुद्दाम घासलेला,
हे कळायला मला सातेक वर्षं लागली.

आता हे आलंय.
पडद्यावर जे चाललंय ते टिपून ठेवणारं.
फुकट म्हणतंय. कायमचं फुकट.
संगमनेरच्या भार्गवीला मोडी शिकायची आहे.
म्हणाली, काकू, तुम्ही वाचताना बाण कुठून कुठे जातो
तेवढं दिसू दे, मग अक्षर कुठे सुरू होतं ते कळेल.
एवढंच काम.

मी जवळचा चष्मा लावला.
लिहून देणार कोण? अज्ञात प्रकाशक.
पत्ता? एक ईमेल, तोही नुसता आकड्यांचा.
मागणी काय? पडदा. बरं, तो द्यावाच लागेल.
माइक. तोही, मी बोलणारच आहे.
दाबलेलं प्रत्येक बटण.
थांब.
फोटो काढायला आलेल्या माणसाला
कपाटाची किल्ली कशाला?
आणि संगणक उठला की यानंही उठायचं म्हणे,
न बोलावता,
आमच्या ऑफिसच्या दारात सकाळी आठला एजंट उभे असत तसं.

दोन हजार लोकांनी पाच तारे दिलेत.
हे साक्षीदार मला माहीत आहेत.
आधी पन्नास रुपयांत, नंतर दोनशेत
कुणालाही ओळखणारे.
टपरीवर बसायचे, हाक मारली की बशी ठेवून यायचे,
हो बाई, लहानपणापासून ओळखतो.
सगळ्यांचं वाक्य एकच.
इथेही तेच. खूप छान, खूप उपयोगी,
आणि सगळ्यांना ते एकाच मंगळवारी सुचलेलं.

खालच्या मजल्यावरचा तौसीफ आतार
कॅम्पात लॅपटॉप दुरुस्त करतो. साडेनऊला वर आला.
म्हणाला, हे नकोच. दुसरं दिलं,
ज्याच्या आतली ओळन् ओळ उघडी आहे, कुणीही वाचावी.
तू वाचलीस?
हसला. नाही काकू. पण वाचणारे आहेत,
आणि ते एकमेकांशी सारखे भांडत असतात.
हा साक्षीदार मला पटला.

मग त्यानं वायफाय बंद केलं,
बघू, एकट्यानं चालतं की कुरकुरतं.
चाललं.
पुन्हा सुरू केलं, आणि आम्ही दोघं
बाहेर जाणाऱ्या आकड्याकडे बघत बसलो,
दुधाकडे बघावं तसं.
शून्य. शून्य. बराच वेळ शून्य.
शेंगदाण्याच्या चटणीची वाटी घेऊन तो खाली गेला.

मी चार मिनिटं टिपली.
शके सतराशे ब्याऐंशीचं एक खरेदीखत,
विहीर, दोन आंबे, ओढ्यापर्यंतची हद्द.
पाठवण्याआधी एकदा पाहिलं.
बाण ओळीवरून नीट चालत होता.
आणि उजव्या कोपऱ्यात, कागदाच्या मागून डोकावत,
झाकायची राहिलेली एक फाइल. नाव ठसठशीत.
नंदूस पत्र, पाठवू नये, ७.
चारही मिनिटं तिथेच.
माझा बाण दोनदा तिच्यावरून गेला,
दुसऱ्यांदा जरा थबकला,
आणि वर माझाच आवाज, मास्तरणीचा,
इथे हात उचलायचा नाही,
मोडीत हात उचलत नाहीत.

हे तौसीफला कसं सापडणार?
यातलं काहीच बाहेर गेलेलं नाही.
मीच पाठवायला बसले होते.

सव्वाअकरा. सिंहगड रोडवर अजून हॉर्न.
कोपरा कापता येतो म्हणे.
कात्री कुठे असते ते उद्या विचारेन.
तोवर सातवं उघडलंय.
मायना तोच आहे,
तारीख तेवढी बदलली.